वडीलकी करताना उमगलेले

नवापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत मी बरीच वर्षे वडील म्हणून सेवा करतो आहे. नम्रतेवरचे उपदेश पुष्कळ ऐकले. पण गोड बोलणाऱ्या माणसाकडे पाहण्यापेक्षा मंडळीच्या कारभाराकडे पाहिले, की तिथे नम्रता आहे की नाही ते लवकर कळते.

१. ऊसतोडीला गेलेल्यांची वाट पाहावी.

दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला जातात. नाताळाच्या उपासनेलाही सगळ्यांना येता येत नाही. पंचकमिटीची निवड, छपराचा खर्च, नवे पाळक बोलावण्याचा ठराव, सगळे याच महिन्यांत उरकून टाकावे असे वाटते, कारण बैठकीला माणसे थोडी असतात आणि हरकत घेणारे कुणी नसते. मोठा निर्णय तोडीला गेलेले लोक परतल्यावरच घ्यावा, असा माझा आग्रह असतो. मागे राहतो ते बहुतेक आम्ही, जमीनवाले आणि पगारदार. ज्यांनी मजुरीतून अर्पण दिले, त्यांच्या माघारी तो पैसा कुठे लावायचा हे आम्ही ठरवावे, हे मला पटत नाही. कामे रखडतात. रखडू द्यावीत.

२. लोकांना कळेल ते बोलावे.

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता अशी, की १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा सन्मान केला, सरस्वती म्हणून गौरवले. त्याच बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. फार न शिकलेल्या बाईलाही ते वाचून समजावे, एवढी एकच तळमळ. १९२२ मध्ये त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आमच्याकडे घराघरांत मावची बोलतात आणि उपदेश होतो तो पुस्तकी मराठीत. एखादी म्हातारी साक्ष द्यायला उभी राहते आणि मराठी शब्द शोधता शोधता मध्येच खाली बसते. तिने कशाला अडखळावे? पाळकांनी मावची शिकावी, निदान आजाऱ्याच्या खाटेशेजारी प्रार्थना करता येईल एवढी तरी.

३. बर्णबाकडे पाहावे.

शौलावर, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसावर, कुणाचाच विश्वास नव्हता, तेव्हा बर्णबाने त्याला यरुशलेमेत प्रेषितांपुढे उभे केले. पुढे तार्साला जाऊन त्याला शोधून काढले आणि अंत्युखियाला आणले. प्रेषितांच्या कृत्यांत आधी ‘बर्णबा व शौल’ असा क्रम येतो, काही अध्यायांनंतर बहुतेकदा ‘पौल व बर्णबा’. या बदललेल्या क्रमाबद्दल बर्णबाची एकही तक्रार नोंदलेली नाही. त्या दोघांत वाद झाला तो मार्कावरून, आणि त्यातही बर्णबाचे म्हणणे हेच, की अर्ध्यावर परत गेलेल्या त्या तरुणाला पुन्हा संधी द्यावी. मला तो सगळ्या नव्या करारातला सर्वांत जवळचा माणूस वाटतो.

हातातले दुसऱ्याकडे सोपवणे आमच्याकडेही घडले आहे: चिंचपाड्याचा दवाखाना मिशनऱ्यांनी उभा केला आणि पुढे भारतीयांच्या हाती दिला. आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन तो चालवते. आपण मात्र संडे स्कूलच्या कपाटाची किल्लीसुद्धा दुसऱ्याकडे देत नाही.

४. हिशोब भर उपासनेत वाचावा. आकडे मोठ्याने, सावकाश. कुणी प्रश्न विचारला तर त्याच्या विश्वासाबद्दल शंका घेऊ नये.

५. घरच्यांना विचारावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. केवढा त्याग! पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्यांचा राग आणि लहरीपणाही झाकलेला नाही, आणि म्हणूनच त्या पुस्तकातले टिळक मला खरे वाटतात, अधिक आवडतात. पुढाऱ्याबद्दल असे प्रेमाने आणि न भिता बोलणारे माणूस त्याच्या घरात असावे.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, अध्यक्षाने आपले घर नीट चालवलेले असावे अशी अट आहे. वडील निवडताना आम्हीही ती लावतो, पण विचारतो त्या पुरुषालाच. ते त्याच्या बायकोला विचारावे, आणि ती सांगत असताना तो शेजारी बसलेला नसावा.