छोटी स्पोर्ट्स मोटारसायकल घेताना

रोज दुकान-कारखान्याची फेरी आणि सुटीला घाटातली मौज, दोन्ही एकाच गाडीवर साधायचे असेल तर व्यापारी व कारागीर बांधवांनी तीन गोष्टी आधी पाहाव्यात, असे आम्ही सुचवतो.

१) बैठक : यामाहा आर-१५ चे हँडल खाली व पुढे असते. घाटात वळणे घेताना ते छान वाटते; पण बाजाराच्या गर्दीत शरीराचा भार मनगटांवर येतो. मागची सीट लहान व उंच, तिच्यावर मालाचे गाठोडे टिकत नाही. टीव्हीएस अपाचे आरटीआर १६० चे हँडल उंच असल्याने रोजच्या फेरीला ती सोयीची.

२) खर्च : १५० सीसीवरील गाडीला थर्ड पार्टी विम्याचा दर जास्त लागतो. वरील दोन्ही गाड्या त्याच गटातल्या. नव्या गाडीला हा विमा सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. हा पैसा हिशेबात आधीच धरावा.

३) ब्रेक : १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. त्याआधीची जुनी गाडी घेताना ते आहे का, हे जरूर तपासावे.

शेवटी, गर्दीच्या वेळी नेहमीच्या रस्त्याने अर्धा तास गाडी चालवून पाहावी. तेवढ्यात मनगट दुखले तर रंगावर भाळू नये. आठवड्याचे सहा दिवस कामाचे असतात, मौजेचा एकच.