स्लीप ॲप्निया आणि दंतवैद्य

प्रश्न : सीपॅपचा मास्क सहन होत नाही. दातांचे डॉक्टर काही करू शकतात का?

उत्तर : स्लीप ॲप्नियात झोपेत जीभ मागे पडून घशातली वाट मिटते आणि श्वास अडतो. तासाला 5 ते 15 अडथळे म्हणजे सौम्य आणि 30 पर्यंत मध्यम आजार. अशांना दंतवैद्याने मापे घेऊन बनवलेले उपकरण उपयोगी पडते. तीव्र आजारात पहिली पसंती सीपॅपलाच, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राला. तो जमलाच नाही तर हे उपकरण. त्याचे वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन ट्रे खालचा जबडा पुढे धरून ठेवतात, त्यामुळे जीभही पुढे सरकते. बारीक स्क्रू फिरवून जबडा काही आठवड्यांत थोडाथोडा पुढे आणतात. गरम पाण्यात मऊ करून बसवायचे तयार ट्रे स्वस्त असले तरी घट्ट बसत नाहीत. हलणारे दात, सुजलेल्या हिरड्या, दुखरा जबडा यांवर आधी उपचार हवेत. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी दात नीट जुळत नाहीत. वर्षानुवर्षांच्या वापराने चावा कायमचा बदलू शकतो. निदान मात्र स्लीप स्टडीनेच, म्हणजे झोपेतल्या श्वासाची नोंद घेणाऱ्या तपासणीनेच होते. घोरणे थांबले तरी श्वास अडत राहू शकतो, म्हणून उपकरण लावून ती तपासणी पुन्हा करावी लागते.