मेडिकल कोडिंगची परीक्षा : कोणती निवडावी आणि तयारी कशी करावी

निरगुडसर, मंचर, घोडेगाव या भागातील आपली बी.एस्सी., डी.फार्म., नर्सिंग किंवा होमिओपॅथी झालेली मुले-मुली अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात : पुण्याला मेडिकल कोडिंगचा क्लास लावावा काय? प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी बहुधा क्लासच्या फीसाठी उसनवारीची बोलणी चाललेली असतात. मुलगी असेल तर "एवढे एक वर्ष बघू, नाही तर स्थळे पाहू" असेही ठरलेले असते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ही परीक्षा काय आहे ते नीट समजावे, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम काम काय ते पाहू. अमेरिकेत रुग्णावर उपचार झाले की डॉक्टरचे बिल विमा कंपनीकडे जाते. ते बिल शब्दांत जात नाही, संकेतांकांत जाते. रोग कोणता याचा एक संकेतांक, उपचार कोणता याचा दुसरा. डॉक्टरांनी लिहिलेली नोंद वाचून हे संकेतांक लावणे म्हणजे कोडिंग. संकेतांक चुकला तर पैसे अडतात, आणि जाणूनबुजून जादा लावला तर तो गुन्हा ठरतो. हे काम संगणकावर कोठूनही होते, म्हणून ते चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, नवी मुंबई आणि पुणे येथे आले.

रोगांच्या वर्गीकरणाची कल्पना मात्र जुनी आहे. मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी बर्तिलाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मांडली. १९४८ पासून ते काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. तिच्या दहाव्या आवृत्तीला आय.सी.डी.-१० म्हणतात. आपल्याकडे मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरणही याच यादीने होते. अमेरिकेने ती वाढवून आय.सी.डी.-१०-सी.एम. ही स्वतःची आवृत्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणली. उपचारांचे संकेतांक सी.पी.टी. या पुस्तकात असतात. ते अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६ पासून काढते. औषधे, साहित्य वगैरेंसाठी एच.सी.पी.सी.एस. हे तिसरे पुस्तक आहे.

आता परीक्षा. मुख्य संस्था दोन. ए.ए.पी.सी. ही १९८८ साली स्थापन झाली, तिची सी.पी.सी. ही परीक्षा आपल्याकडे सर्वांत परिचित आहे. दुसरी अहिमा, तिच्या सी.सी.ए. आणि सी.सी.एस. या परीक्षा आहेत. सी.सी.ए. नवख्यांसाठी, तर सी.सी.एस. अनुभवी माणसांसाठी, कारण तीत दाखल रुग्णांच्या संपूर्ण केसपेपरचे कोडिंग येते. ए.ए.पी.सी.च्याही निरनिराळ्या परीक्षा आहेत. दाखल रुग्णांसाठी सी.आय.सी., रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागासाठी सी.ओ.सी., विमा कंपन्यांच्या जोखीम-गणनेसाठी सी.आर.सी. नावे ऐकून गोंधळून जाऊ नये. कामाचा अनुभव नसलेल्याने आधी सी.पी.सी. करावी असे आमचे मत आहे. तिच्यात डॉक्टरांच्या रोजच्या कामाचे सर्व विभाग येतात आणि नोकरीच्या जाहिरातींत तीच अधिक दिसते. मागाहून ज्या विभागात नोकरी लागेल त्याची परीक्षा द्यावी. उलट क्रमाने गेलेल्याचा पैसा दोनदा जातो.

ए.ए.पी.सी. पदवीची अट घालत नाही, पण आपल्याकडील कंपन्या बहुतेक जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंग वा वैद्यकीय शाखेचे पदवीधर घेतात. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पैसे भरण्यापूर्वी दोन-तीन कंपन्यांत स्वतः चौकशी करावी. क्लासवाल्याचा शब्द पुरेसा नाही.

क्लासविषयीही स्पष्ट लिहितो. क्लासचे स्वतःचे प्रमाणपत्र आणि ए.ए.पी.सी.चे प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले भिंतीवर लावावे, नोकरीच्या वेळी विचारतात ते दुसरे. फी ठरविताना लेखी विचारावे : परीक्षेचे शुल्क यात आहे काय? सभासदत्वाचे? तिन्ही पुस्तकांचे? हे सगळे खर्च निरनिराळे असतात. "शंभर टक्के नोकरी" असे म्हणणाऱ्याकडून ते कागदावर घ्यावे. बहुतेक ठिकाणी तेथेच बोलणे थांबते. काही कंपन्या नवख्या पदवीधरांना घेऊन स्वतः शिकवितात आणि परीक्षा नंतर द्यावयास सांगतात. तशी संधी आली तर क्लाससाठी दागिना मोडण्याचे कारण नाही.

सी.पी.सी.चे स्वरूप असे. २०२२ पासून १०० प्रश्न आणि ४ तास. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, उत्तीर्ण होण्यास ७० बरोबर हवेत. परीक्षा पुस्तके उघडून द्यावयाची आहे, आणि येथेच आपली मुले फसतात. पुस्तक जवळ आहे म्हणजे सोपी असे वाटते. एका प्रश्नास सव्वादोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळतो. एवढ्यात नोंद वाचायची, पुस्तक उघडायचे, नियम आठवायचा आणि जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या चार उत्तरांतून एक निवडायचे. पाठांतर येथे कामास येत नाही. शोधण्याचा वेग आणि नियमांची समज यांची ही परीक्षा आहे.

१०० पैकी ३६ प्रश्न शस्त्रक्रियेच्या सहा विभागांवर, प्रत्येकी सहा. शरीररचना आणि वैद्यकीय शब्द मिळून ८. केस देऊन विचारलेले १०. तरीही तयारीची सुरुवात त्या ८ गुणांच्या विषयापासून करावी, कारण शब्द कळल्याशिवाय उरलेले ९२ कळत नाहीत. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी येथे लाजू नये. यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड हे आपल्याला शाळेपासून येते. एका वहीत तीन रकाने करावेत : मराठी शब्द, इंग्रजी शब्द, ग्रीक-लॅटिन मूळ. मूत्रपिंड, किडनी, नेफ्रो. यकृत, लिव्हर, हेपॅटो. शेवटी "एक्टमी" आले की काढून टाकणे, "ऑटमी" म्हणजे छेद घेणे, "ऑस्टमी" म्हणजे छिद्र करून ठेवणे. अशी दोन-अडीचशे मुळे झाली की लांबलचक शब्दांची भीती जाते.

पुढे नियम, आणि ते उदाहरणांनीच कळतात. आपल्याकडचीच उदाहरणे घेऊ. ऊसतोडीत एकाला कोयता लागला, हाताला २ सें.मी. आणि पोटरीला ३ सें.मी. जखम झाली. दोन्हींवर साधे टाके घातले. नवखा विद्यार्थी दोन संकेतांक लावतो. परंतु हात आणि पाय सी.पी.टी.मध्ये साध्या टाक्यांच्या एकाच गटात येतात, म्हणून लांबीची बेरीज करावयाची. ५ सें.मी., एकच संकेतांक, १२००२. हा नियम त्या विभागाच्या आरंभीच्या मजकुरात छापलेला असतो, जो बहुतेक जण वाचीतच नाहीत.

विंचवाचा दंश घ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्यावर आयुष्यभर संशोधन केले आणि ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तोच हा विषय. अपघाताने झालेल्या दंशाचा, उपचार चालू असतानाचा संकेतांक टी६३.२एक्स१ए. मधला "एक्स" केवळ जागा भरतो, कारण शेवटचे अक्षर सातव्या जागीच यावे लागते. नागाच्या दंशाला टी६३.०४१ए, तेथे "एक्स" लागत नाही. तोच रुग्ण बरा होत असताना पुन्हा तपासणीस आला की "ए"च्या जागी "डी". एका अक्षराने उत्तर चुकते.

आणखी एक, परीक्षेत नेहमी येणारे. डॉक्टरांनी "डेंग्यूचा संशय" लिहिले. रुग्ण बाह्यरुग्ण विभागात असेल तर संशयाचे कोडिंग करावयाचे नाही, लक्षणाचे करावयाचे : ताप, आर५०.९. तोच रुग्ण दाखल होता आणि घरी सोडतानाही संशयच लिहिला असेल, तर रुग्णालयाने तो डेंग्यू धरावयाचा, ए९०. असे का, हे ज्याने समजून घेतले त्याला सी.पी.सी. आणि सी.आय.सी. यांतला फरकही समजला.

पुस्तकांविषयी. रोगांचे संकेतांक दर १ ऑक्टोबरला आणि सी.पी.टी. दर १ जानेवारीला बदलते. परीक्षा चालू वर्षाच्या संकेतांकांवर असते, म्हणून परीक्षेला त्याच वर्षाची पुस्तके न्यावीत. सरावाला मात्र जुनी चालतात, कारण नियमांचा बराचसा भाग तोच राहतो. परीक्षा झालेल्यांनी जुनी पुस्तके मंडळाच्या वाचनालयात आणून दिली तर पुढच्यांचे सराव सुरू होतील. पुस्तकात हाताने टिपणे लिहिण्यास आणि कडेला विभागाच्या चिठ्ठ्या लावण्यास परवानगी असते. परीक्षेचे प्रश्न लिहून ठेवण्यास किंवा मजकुराचे सुटे कागद घालण्यास नाही. चिठ्ठ्या स्वतःच लावाव्यात. दुसऱ्याने खुणा केलेल्या पुस्तकात बोट जागेवर जात नाही.

शेवटचे दोन महिने घड्याळ लावूनच सराव करावा. शेतातली किंवा घरातली कामे सांभाळून सलग चार तास मिळणे, विशेषतः मुलींना, कठीण असते. घरच्यांनी आठवड्यातून एक दिवस तेवढा मोकळा द्यावा, ही आमची विनंती आहे. अडलेला प्रश्न खूण करून सोडावा आणि शेवटी परत यावे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

संगणक हे काम खाऊन टाकील काय, असेही विचारतात. क्ष-किरणाच्या साध्या अहवालांसारखी सोपी कामे यंत्रे करू लागली आहेत, हे खरे. गुंतागुंतीच्या केसेस आणि यंत्राने केलेल्या कामाची तपासणी माणसांकडे आहे. म्हणून केवळ एका सोप्या विभागात वर्षानुवर्षे अडकून राहू नये.

उत्तीर्ण झाल्यावर नवख्याच्या नावापुढे सी.पी.सी.-ए लागते. हा "ए" शिकाऊपणाचा. साधारण दोन वर्षांच्या कामाचा दाखला दिला की तो निघतो. त्यानंतरही दर दोन वर्षांनी ३६ शिक्षण-गुण जमवावे लागतात आणि सभासदत्व चालू ठेवावे लागते. पहिल्या पगारातून या खर्चाची तजवीज सुरू करावी.