तीस हजारांत रोडबाईक

प्रश्न : पुण्यात राहतो. सध्या साधी गिअरची सायकल आहे. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो, पुढे घाटही चढायचा आहे. बजेट तीस हजार. कोणती रोडबाईक घ्यावी? – एक वाचक

उत्तर : आधी चार हजार बाजूला काढून ठेवा. हेल्मेट, पंप, जादा ट्यूब आणि दिवे यांशिवाय सायकल रस्त्यावर आणू नका.

उरलेल्या पैशांत कंपनीपेक्षा माप महत्त्वाचं. मोठ्या मापाची सायकल सवलतीत मिळाली तरी घेऊ नका, तासाभरात मान आणि कंबर बोलू लागते. दुकानात नुसतं बसून पाहू नका, दहा मिनिटं चालवा. हात ब्रेकच्या रबरी मुठींवर ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेला राहिला पाहिजे.

मग गिअर. शिमानोचा सात गिअरचा टूर्नी स्वस्त पडतो, पण त्याच्या बऱ्याच शिफ्टरवर एका दिशेने गिअर अंगठ्याच्या बटणाने बदलावे लागतात आणि हँडल खालून धरलं की ते बटण हाताला लागत नाही. जमल्यास आठ गिअरचा क्लॅरिस बघा. घाटासाठी पुढची लहान चक्री ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी ३२ दातांची हवीच, गुडघे वाचतात. टायर २८ मिलिमीटरचे बसतात का, हेही विचारा. आपल्या खड्ड्यांत २३ चे टायर घालू नका.

एवढ्या पैशांत नवी क्लॅरिसवाली मिळाली नाही, तर मी जुनी घेईन. मात्र चेन, रिम आणि फ्रेमचे जोड ओळखीच्या मिस्त्रीकडून तपासूनच.