वाट, लाट आणि पहाट

गॅदरिंग जवळ आलं की होस्टेलवर सगळेच कवी होतात आणि निम्म्या कवितांत 'जातो-येतो-खातो' असतं! मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी, त्यामुळे हे यमक फुकटात मिळतं. पण कानाला काही नवीन मिळत नाही. मी कॉन्व्हेंटचा, मराठी शब्दसाठा बेताचाच. म्हणून मी आपली इंजिनिअरिंगची पद्धत वापरतो. उदाहरणार्थ 'वाट' हा शब्द घेऊ.

१) लूप चालवा : शेवटचं 'आट' तसंच ठेवून आधीचं व्यंजन 'क'पासून 'ह'पर्यंत बदलत जा. खाट, घाट, ताट, थाट, दाट, पाट, भाट, लाट, हाट.

२) शब्द लांबवा : पहाट, कपाट, सपाट, अफाट, सुसाट. शिवाय मराठीतले खास नादाचे शब्द : किलबिलाट, गडगडाट.

३) प्रत्यय लावा : खरी गंमत इथे आहे. वाट, लाट, पहाट 'ती', म्हणून वाटेला-लाटेला-पहाटेला. पण 'तो' घाट आणि 'ते' ताट यांचं होतं घाटाला-ताटाला. म्हणजे जुळलेलं यमक प्रत्यय लावताच तुटू शकतं! उलट 'घर'चं 'घरात' केलं की 'वरात' आणि 'परात' लगेच दारात हजर.

४) तोच शब्द, वेगळा अर्थ : डोंगरातली वाट, बसची पाहिलेली वाट आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लागणारी वाट. अक्षरं तीच, अर्थ निराळा, याला जुन्या काव्यशास्त्रात यमक म्हणतात. १८व्या शतकातले मोरोपंत यात पटाईत होते.

५) जवळचं यमक : वाट-गाठ-काठ. 'ट' आणि 'ठ' शेजारी, गाण्यात खपून जातं. गझल मात्र कडक. तिथे यमकातला न बदलणारा स्वर, म्हणजे अलामत, सांभाळावीच लागते. वाट-लाट चालेल, वाट-बेट नाही. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' जरूर वाचा.

लूप फक्त यादी देतो. ओळीत 'पहाट' हवी की 'कपाट', हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मला या यादीतून आणखी एक गोष्ट मिळाली. हाट म्हणजे बाजार, भाट म्हणजे राजाची स्तुती गाणारा, हे मी आजीला फोन करून विचारलं. पूर्वी आमचं बोलणं 'जेवलास का?'वर संपायचं. आता तीच विचारते, "आज कुठला शब्द रे?"

तर मंडळी, तुमच्यासाठी शब्द : 'हात'. दहा यमकं काढा. अट एकच, क्रियापद चालणार नाही!