हिशेबाचा प्रोग्रॅम घेण्यापूर्वी

कोल्हारच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी हिशेबाचा प्रोग्रॅम पारखून घ्यावा, असे आम्ही सुचवितो.

वेबसाइटवरचा हिशेब ‘इलेक्ट्रॉन’ या मोफत साधनाने संगणकाचा स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून बांधता येतो. गिटहबने 2013 साली सुरू केलेल्या या साधनात ब्राउझर सोबतच येतो. म्हणून विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर एकच काम चालते. मात्र आकार वाढतो. ‘टॉरी’ हे साधन संगणकातलाच ब्राउझर वापरते, म्हणून हलके.

पण नुसत्या बांधणीने नोंदी दुकानात येत नाहीत. आत जुनीच वेबसाइट उघडत असेल तर इंटरनेट गेले की खाते बंद!

सूरह बकराच्या 282व्या आयतीत उधारी लिहून ठेवण्याची ताकीद आहे. ते लिखाण वेळेला हाती हवे. म्हणून आधी इंटरनेट बंद करून एक उधारी नोंदवून पाहा, मगच पैसे द्या.