उमेदवाराने सभागृहात हात कशासाठी वर केला होता?



सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासनसंस्था शिकवायला घेतल्या की एक प्रश्न हमखास येतो. "चांगला उमेदवार ओळखायचा कसा?" आपलं ठरलेलं उत्तर असतं : प्रामाणिक, शिकलेला, कामाचा माणूस. पण प्रामाणिक आहे हे कळणार कशावरून? पहिल्यांदाच उभा राहिलेल्याचं सोडून देऊ. जो पाच वर्षं सदस्य, आमदार किंवा खासदार होता, त्याने सभागृहात कशाला होकार दिला नि कशाला नकार, हे बघायला नको का?

उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं हे तुम्हाला माहीत आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर त्यात गुन्ह्यांची, मालमत्तेची, कर्जाची आणि शिक्षणाची माहिती आली. (निवडणूक ड्युटीवर जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ती एकदा वाचावीत.) पण सभागृहातल्या मतदानाचा रकाना त्यात नाही. माझ्या मते तो असायला हवा. मात्र तो वाचायचा कसा हेही मुलांना शिकवावं लागेल, कारण त्यात दोन मोठ्या अडचणी आहेत.

पहिली अडचण आवाजी मतदानाची. अध्यक्ष विचारतात, सदस्य "होय" किंवा "नाही" म्हणतात, आणि आवाजावरून निर्णय होतो. कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद राहत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला आपल्या विधानसभेत देवेंद्र फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव असाच आवाजी मतदानाने मंजूर झाला होता. आता एखाद्या मतदाराने विचारलं, "आमचा आमदार त्या दिवशी कुणाच्या बाजूने होता?" तर दाखवायला कागद नाही.

दुसरी अडचण व्हिपची, म्हणजे पक्षादेशाची. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, तरी सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचलं. म्हणजे नोंद सापडली तरी ते मत त्या माणसाचं होतं की पक्षाचं, हा प्रश्न उरतोच. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ही सक्ती सरकार टिकण्याच्या मतदानापुरती आणि पक्षाच्या मुख्य धोरणापुरती असावी. प्रत्यक्षात व्हिप सरसकट निघतात. तरीही व्हिपच्या आड कुणी कायम लपू नये असं मला वाटतं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. त्या दिवशी नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश झुगारून सरकारच्या विरोधात मत दिलं, आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. त्यांचं मत पटो न पटो, ते त्यांचं स्वतःचं होतं हे नक्की.

नोंद असेल तिथेही नुसता आकडा फसवतो. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून मतं मोजावीच लागतात. २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाला ४५४ मतं मिळाली, विरोधात फक्त दोन. त्यातलं एक औरंगाबाद मतदारसंघाचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचं, दुसरं त्यांचे पक्षाध्यक्ष असदुद्दीन ओवैसी यांचं. वर्गात एवढंच सांगितलं तर मुलं पटकन म्हणतात, "म्हणजे ते बायकांच्या विरोधात!" त्यांचं म्हणणं होतं की ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी त्यात वेगळा वाटा नाही. हे कारण पटायलाच हवं असं नाही, पण ते ऐकल्याशिवाय त्या मताचा अर्थ लागत नाही.

हे मुलांच्या पातळीवर आणायला मी वर्गात एक ठराव-वही ठेवते. शुक्रवारचा खेळाचा तास वाचनाला द्यायचा का, असा ठराव होता. कुणी हात वर केला, कुणी नाही, सगळी नावं वहीत. पुढे शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत एक मुलगी ग्रंथालयमंत्रिपदाला उभी राहिली आणि पोरांनी वही काढली! "तू तर वाचनाला नको म्हणाली होतीस." ती म्हणाली, "वाचन नको नव्हतं, खेळाचा तास जायला नको होता." "मग तेव्हा का नाही बोललीस?" यावर ती गप्प. मी मध्ये पडले नाही. वर्ग निम्मा-निम्मा झाला आणि ती थोड्या मतांनी हरली. तिच्याविरुद्ध उभ्या मुलाचं नाव वहीत नव्हतंच, त्या दिवशी तो गैरहजर होता. कोरी पाटी असलेल्याला कुणी काही विचारत नाही. अमेरिकेत असंच दिसलं. हिलरी क्लिंटन यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये इराक युद्धाच्या परवानगीच्या बाजूने मत दिलं होतं. ते २००८ च्या उमेदवारीच्या लढतीत त्यांना फार जड गेलं. समोरचे ओबामा २००२ मध्ये सिनेटमध्ये नव्हतेच. त्यांनी बाहेरून युद्धाला विरोध केला होता हे खरं, पण मत देण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

पालकांनी सुरुवात गावापासून करावी. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे "व्हिप होता हो" ही सबब तिथे चालत नाही. मासिक सभेच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात. बऱ्याचदा पुढे "सर्वानुमते मंजूर" एवढंच लिहिलेलं असतं. मग त्या सदस्याला चारचौघांत विचारा, की पाणीपट्टी वाढवण्याच्या ठरावाला तुमचाही होकार होता का? इतिवृत्त बघायला मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. शहरात राहत असाल तर नगरपरिषदेचं किंवा महापालिकेचं इतिवृत्त मागा. तिथे मात्र पक्षादेशाचा कायदा लागू आहे, ते ध्यानात ठेवून वाचा.